जिथे खाली पाइप नाही

५ नोव्हेंबर

घरात गळती आहे. कुठे आहे ते सापडत नाही, म्हणून ही वही उघडली.

कचेरीत आम्ही प्रत्येक गळतीची नोंद करतो. ठिकाण, आवाज कसा, फुली कुठे मारली, खणल्यावर काय निघालं. स्वतःच्या घराची नोंद खात्याच्या रजिस्टरात करता येत नाही, आणि केली तर मुकादम महिनाभर हसेल. बावीस वर्षं मी पाणीखात्यात हेच करते. सळईचं एक टोक रस्त्याखालच्या पाइपाला किंवा व्हॉल्व्हला टेकवायचं, दुसऱ्या टोकाची लाकडी वाटी उजव्या कानाला लावायची, पाणी कुठे फुटलंय ते ऐकायचं आणि डांबरावर खडूने फुली मारायची. फुलीवर मुकादमाची टोळी खणते. सगळं खातं मला कानवाल्या बाई म्हणतं. अशा बाईच्या घरात गळती, म्हणजे शोभाच.

आवाज: बारीक सू, मध्येमध्ये ठोका पडल्यासारखा. ठिकाण: अजून कळलं नाही.

८ नोव्हेंबर

घरातले सगळे नळ बंद करून मीटरसमोर अर्धा तास उकिडवी बसले. काटा हलला नाही. नवरा म्हणाला, मीटर हलत नाही म्हणजे गळती नाही. हा माणूस आयुष्यभर पुस्तकं बांधत आला, खळ आणि दोरा यापलीकडे त्याने कशाला हात लावलेला नाही, आणि मला मीटर शिकवतो. बारीक गळतीला मीटर दाद देत नाही, एवढंच मी सांगितलं.

आज एक नवी गोष्ट लक्षात आली. बाजारातून पिशव्या घेऊन जिना चढून आले की आवाज वाढतो. चांगला धडधडत येतो, पंप चालू असल्यासारखा. दहा मिनिटं बसले की उतरतो. म्हणजे मूळ वरच्या मजल्याच्या पाइपात असणार. वर माझी नणंद राहते.

९ नोव्हेंबर

नणंदेला सांगितलं. तिने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग म्हणाली की तिची न्हाणी तिच्या डोक्यापेक्षा कोरडी आहे. तिच्या न्हाणीत सळई घेऊन गेले, भिंतीला चार ठिकाणी लावली. चारही ठिकाणी सू. सगळीकडे सारखाच. असं सहसा होत नाही. पाण्याच्या जवळ गेलं की आवाज मोठा व्हायला हवा. कदाचित पाइप भिंतीत आडवा गेला असेल.

नणंदेला म्हटलं, फरश्या काढाव्या लागतील. तिचं तोंड पाहण्यासारखं झालं.

१४ नोव्हेंबर

आजकाल सगळे पुटपुटतात. कचेरीतला कारकून पुटपुटतो, भाजीवाली पुटपुटते, नवरा तर पहिल्यापासून मिठाची गुळणी धरणारा. जेवताना माझ्या उजवीकडे बसून काहीतरी लांबलचक बोलला. एकदा "काय?" विचारलं, दुसऱ्यांदाही विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून नुसतं "हूं" म्हटलं. त्याने मान डोलावली. सगळं सुरळीत पार पडलं. माझं अर्धं आयुष्य "हूं"वर चाललंय आणि काही बिघडलेलं नाही.

उजव्या कानात थोडी खाज आहे, कोंदल्यासारखंही वाटतं. उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडतात, वासही येतो. नणंदेने मागे गरम तेल घालायला सांगितलं होतं, त्याचंच असणार. औषधाच्या दुकानातून थेंब आणलेत. कान मात्र मी रोज संध्याकाळी साफ करते, केसातल्या आकड्याला कापूस गुंडाळून. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. रस्त्यावरची धूळ वाटीतून कानात जाते, त्याला दुसरा उपाय नाही. कान हीच आमची हत्यारं, ती स्वच्छ हवीत.

१८ नोव्हेंबर

न्हाणीची भिंत फोडली. दीड हात उंच, तीन हात लांब. आत सिमेंट, विटा, आणि वाळवंटासारखा कोरडा पाइप. प्लंबर माझ्याकडे बघत होता, नणंद प्लंबरकडे बघत होती, आणि नवरा खिडकीतून बाहेर बघत होता.

आवाज आहेच. आत्ता लिहिताना आहे.

२० नोव्हेंबर

मुकादमाला म्हातारचळ लागलाय. दोन वर्षांनी निवृत्त होईल, त्याआधीच चाललाय कामातून. मी फुली मारली की पूर्वी तो थेट टिकाव मागवायचा. आता म्हणतो, "बाई, जरा त्या व्हॉल्व्हपाशीही एकदा ऐकता का?" मी पुढे जाऊन ऐकते, परत येते, तोवर हा माझ्या फुलीपाशी वाकून काहीतरी चाळवत असतो. विचारलं तर म्हणतो, बुटाची नाडी. त्याच्या बुटांना नाड्या नाहीत.

या आठवड्यात पाच फुल्या मारल्या, पाचही ठिकाणी पाणी निघालं. कान अजून शाबूत आहेत, हे या वहीत लिहून ठेवते, कारण अलीकडे उगाच शंका येते.

२३ नोव्हेंबर

नवऱ्याला या वयात प्रेमाचं भरतं आलंय. सकाळी मला कचेरीपर्यंत सोडायला येतो. दुपारी, आमचं काम जिथे चालू असेल तिथे, हातात बांधायच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन उभा. म्हणतो, याच बाजूला गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. रस्त्याने चालताना नेमका माझ्या उजवीकडे येतो आणि मला भिंतीकडे ढकलतो. दोनदा त्याचं कोपर लागलं. मी म्हटलं, रस्ता काय तुमच्या नावावर आहे? तो काहीतरी पुटपुटला. मी "हूं" म्हटलं.

परवा एक स्कूटरवाला अगदी अंगावरून गेला आणि मागे वळून मला शिव्या देत होता. हॉर्न न वाजवता येतात आणि वर तोंड करतात.

२७ नोव्हेंबर

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही, पण नोंद म्हणजे नोंद.

लाँड्रीमागच्या गल्लीत दोन महिने पाणी कमी येतंय. शेवटच्या घरांना तर करंगळीएवढी धार. मुकादम आज रजेवर होता, त्याच्या मुलीचं बाळंतपण. मी एकटीने ऐकलं आणि फुली मारली. टोळीने खणलं. कोरडं. दहा पावलं पुढे दुसरी फुली. कोरडं. मला सगळीकडे पाणी ऐकू येत होतं, शपथेवर सांगते. तिसरी फुली मारली आणि तिसऱ्या खड्ड्यात टिकाव चांगल्या पाइपावर बसला. पाइप फुटला, कारंजं उडालं, आणि ज्या गल्लीला करंगळीएवढी धार मिळत होती तिला तीही बंद झाली. बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या. कोणी ओरडलं नाही. एक म्हातारी माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही, आणि आलं नाही तेच बरं झालं असं वाटलं.

सळई पुसताना वाटीवर लाल डाग दिसला. रक्त. माझंच.

मला भीती वाटली. हे फक्त इथेच लिहिते.

२८ नोव्हेंबर

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नवरा न सांगता बरोबर आला.

बाईंनी दुर्बीण घातली आणि पडद्यावर माझ्या कानाची नळी दिसली. आत कानाच्या पडद्यापर्यंत मोकळी वाट असते म्हणे. माझ्या वाटेत एक लालसर, ओलं, फुगलेलं मांस बसलंय, पिकलेल्या करवंदाएवढं. त्याच्या बाजूने पू झिरपत होता आणि मांस नाडीबरोबर हलत होतं. एकसारखं, ठोक्यावर ठोका. मी टक लावून पाहत राहिले.

मग त्यांनी कंपनाचा चिमटा वाजवून त्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला आणि कुठल्या कानात ऐकू येतं ते विचारलं. उजव्यात! लख्ख उजव्यात, डाव्यात जवळजवळ नाहीच. मी नवऱ्याकडे असं पाहिलं की बघा, आहे की नाही कान शाबूत. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि उद्याच स्कॅन करून या म्हणाल्या. एवढ्या चांगल्या कानाला स्कॅन कशाला, देव जाणे.

१ डिसेंबर

स्कॅन आला. बाईंनी खुर्ची माझ्या डावीकडे ओढून घेतली आणि सावकाश सांगितलं. जेवढं कळलं तेवढं लिहिते.

नळीतलं मांस हे मूळ दुखणं नाही. कान वर्षानुवर्षं आतून वाहतोय, पडद्याला भोक आहे, आणि पडद्यामागे कातडीचा एक गोळा साठलाय. तो हळूहळू आजूबाजूचं हाड खातो. ऐकण्याची तीन चिमुकली हाडं असतात, त्यातलं एक जवळजवळ गेलंय. सततच्या पुवाने चिडून बाहेर जे मांस वाढलं, ते त्या दिवशी दुर्बिणीतून दिसलं. अशी वाढ इतर कारणांनीही होते, कानात काही अडकून राहिलं तर होते, थंड पाण्यात वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांच्या कानात हाडाचीच गाठ येते, आणि क्वचित कर्करोगही असतो. म्हणून काढलेला तुकडा तपासायला पाठवायचा. मी म्हटलं, मग आत्ताच चिमट्याने ओढून काढा की. त्या म्हणाल्या, मुळीच नाही. ते आत कशाला चिकटलंय ते माहीत नसताना ओढलं तर उरलेलं हाड बरोबर येईल, नाहीतर चेहऱ्याची नस दुखावून तोंड वाकडं होईल. कान वरचेवर उपसून साफ करायचा, त्यांचे थेंब घालायचे, पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि सूज उतरली की कानामागून शस्त्रक्रिया.

आणि केसातला आकडा? त्यांनी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं, मोठ्या अभिमानाने. बाई म्हणाल्या, रोज नवी जखम आणि रोज कापसाचे तंतू आत.

कपाळावर टेकवलेल्या चिमट्याचं विचारलं तर म्हणाल्या, "जो कान बाहेरचं ऐकत नाही, त्याला हाडातून आलेला आवाज मोठा वाटतो. तुम्ही परीक्षेत पास झाला नाहीत."

शस्त्रक्रियेनंतर किती ऐकू येईल ते त्या सांगत नाहीत. मी नाही म्हणून आले. कान कापून घ्यायचा आणि मग कचेरीत बसून काय पाणीपट्टीच्या पावत्या फाडायच्या? सळईवर मला ऐकू येतंय. तेवढं पुरे.

३ डिसेंबर

सगळं उघडं पडलं.

मुकादम कामावर आला. त्याला म्हटलं, तुम्ही नसताना माझ्या तीन फुल्या कशा चुकल्या? तो बूट बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, आधीच्या पाचातल्या चार मीच सरकवल्या होत्या. तुमच्या साहेबांनी येऊन सांगितलं होतं ना."

साहेब म्हणजे माझा नवरा. तो १५ तारखेला टोळीवर जाऊन सांगून आला की हिला कानाने ऐकू येत नाही, जरा सांभाळून घ्या.

घरी येऊन मी जे बोलले ते लिहीत नाही. बावीस वर्षांची माझी अब्रू याने खळ लावायच्या ब्रशने पुसून टाकली. तो शांतपणे दोरा ओवत बसला होता. शेवटी म्हणाला, "तुला विचारूनच गेलो होतो. जेवताना. मुकादमांना कळवू का म्हणालो, तू हूं म्हणालीस."

४ डिसेंबर

कोणाशी बोलले नाही.

५ डिसेंबर

कोणाशी बोलले नाही. नणंद वरून येऊन पेज ठेवून गेली. न्हाणीबद्दल एक अक्षर काढलं नाही, हे जास्त लागलं.

७ डिसेंबर

आज पहाटे उठून टेकडीवर गेले, पाण्याच्या मोठ्या टाकीच्याही पलीकडे.

मला हे काम शिकवलेला म्हातारा पहिल्या दिवशी मला तिथेच घेऊन गेला होता. तिथे खडक आहे आणि खाली एकही पाइप नाही. खडकाला सळई टेकवून त्याने वाटी माझ्या कानाला लावली आणि विचारलं, काय ऐकू येतं? मी म्हटलं, काहीतरी वाहतंय. तो म्हणाला, "इथे खाली पाइप नाही. जे ऐकू येतंय ते तुझं स्वतःचं. ते ओळखून ठेव आणि रोज वजा कर." आठ दिवस त्याने मला रोज तिथे उभं केलं. नंतर बावीस वर्षं मी दर नव्या माणसाला तिथे नेलं. स्वतः मात्र तिथे पुन्हा कधी वाटी कानाला लावली नव्हती.

आज खडकाला सळई लावली. सू, सू, आणि ठोका. सळई काढली. तेच. दोन्ही हातांनी कान दाबून धरला, तर आणखी मोठ्याने. जिना चढल्यावर का वाढायचं ते तेव्हा कळलं. छातीतलं रक्त कानात ऐकत होते मी, आणि त्यासाठी नणंदेची भिंत फोडली, एका गल्लीचं पाणी तोडलं.

खडकावर बसून खूप रडले. मग वही काढली आणि ५ नोव्हेंबरची नोंद पुरी केली. ठिकाण: उजवा कान.

उतरून थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले. तारीख घेतली. १७.

१६ डिसेंबर

उद्या. गेले दहा दिवस कान साफ करवून घेतला, थेंब घातले, आंघोळीला कानात तेलकट कापसाचा बोळा. आकडे सगळे नवऱ्याने उचलून कुठेतरी ठेवलेत, केस रबराने बांधते.

कागदावर सही केली. त्यात लिहिलंय की ऐकू येणं कमी होऊ शकतं, चक्कर राहू शकते, चेहऱ्याची नस. तुकड्याचा निकाल काय येईल ते कोणी बोलत नाही. सकाळपासून घरात नुसती फिरतेय. कपाट आवरलं, परत विस्कटलं. नवरा माझ्या उजवीकडून काहीतरी म्हणाला. मी "हूं" म्हटलं आणि तो माझा हात धरून बसला. कशाला ते विचारलं नाही.

२० डिसेंबर

डोक्याला फेटा बांधल्यासारखी पट्टी. चक्कर येते. तोंड वाकडं नाही, आरशात दहादा हसून पाहिलं. सू आहे की नाही कळत नाही, कानात सगळं भरून ठेवलंय.

नणंद म्हणाली, पट्टीत शोभतेस. तिला म्हटलं, न्हाणीची भिंत मी स्वतः लिंपून देईन. ती म्हणाली, "नको बाई, तुझ्या हाताला आता भिंतीपासून लांबच ठेवायचंय."

३० डिसेंबर

आज कानातलं भरण काढलं. तुकड्याचा निकाल चांगला आहे, कर्करोग नाही. बाईंनी हे आधी नवऱ्याला नाही, मला सांगितलं, डाव्या बाजूने. मी दोनदा म्हणायला लावलं.

गोळा सगळा निघालाय, पण पुन्हा होऊ शकतो, म्हणून वर्षानुवर्षं तपासायला यायचं. खाल्लेल्या हाडाच्या जागी काही बसवता येईल का ते वर्षभराने पाहू. तोवर उजव्या कानाने माणसांचं बोलणं धूसरच येणार. मांसात कापसाचा एक जुना काळपट धागा सापडला. बाटलीत घालून दाखवला. मी मान खाली घातली.

घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. सू नाही. दिवसाउजेडी इतकी शांतता की पहिल्यांदा भीतीच वाटली.

२१ जानेवारी

कामावर रुजू. खात्याच्या साहेबांना मीच जाऊन सगळं सांगितलं, वहीसुद्धा दाखवली. ते म्हणाले, ऐका, पण एकटीने फुली मारायची नाही. पूर्वी हे ऐकून मी राजीनामा फेकला असता.

लाँड्रीमागच्या गल्लीत गेलो. आधी सळई खडकावर टेकवून आले होते, पहाटेच. वाटी डाव्या कानाला लावली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. डावा कान अगदी नवशिक्या, त्याला काही ओळखता येईना. तासभर पुढे-मागे केलं. मग एका व्हॉल्व्हपासून सात पावलांवर ते आलं, घट्ट, सपाट, ठोक्याशिवाय. फुली मारली. खडू मुकादमाच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्ही ऐका, हवी तर सरकवा. माझ्यासमोर.

तो वाकला, ऐकलं, बराच वेळ ऐकलं. फुली वीतभर सरकवली. खणल्यावर पाणी दोन्ही फुल्यांच्या मधोमध निघालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बादलीवाली म्हातारी पुन्हा काहीतरी बोलली. मी तिच्या जवळ गेले, डावा कान पुढे केला आणि विचारलं. ती म्हणत होती, मागच्या वेळी तुझ्या कानातून रक्त येत होतं, बरी आहेस का?

परतताना नवरा गठ्ठा घेऊन कोपऱ्यावर उभा होताच. माझ्या उजवीकडे येऊन चालू लागला. म्हटलं, डावीकडे या, तिकडून ऐकू येतं. म्हणाला, "उजवीकडून गाड्या येतात." मग नेहमीसारखं काहीतरी पुटपुटला.

"हूं" तोंडात आलं होतं. गिळलं. रस्त्यातच थांबले, त्याच्याकडे वळले आणि म्हटलं, "काय म्हणालात? मला ऐकू आलं नाही."

तो गोंधळला. गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. "तेच, रोजचंच," म्हणाला. "भीती वाटते का, असं विचारलं. दोन-अडीच महिने विचारतोय. तू दर वेळी हूं म्हणायचीस. म्हणून येत होतो."

मला वाटलं होतं, न ऐकता दिलेली माझी सगळी उत्तरं खोटी होती.

"हो," मी म्हटलं. "वाटत होती. अजून वाटते."

तो पुन्हा उजवीकडे आला आणि आम्ही घरी गेलो.